क्रिलच्या साठ्याचा एक टक्का आणि पेंग्विनचा पल्ला

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रातील क्रिलच्या मासेमारीची चर्चा निघाली की एक आकडा हमखास पुढे येतो. अटलांटिकच्या दक्षिणेकडील ज्या समुद्रात ही मासेमारी चालते, तेथे २०१९ च्या सर्वेक्षणात क्रिलचा साठा सुमारे ६ कोटी २६ लाख टन भरला. पकडण्याची वार्षिक मर्यादा ६ लाख २० हजार टन आहे, म्हणजे साठ्याच्या जेमतेम एक टक्का. हा आकडा खोटा नाही. तरीही या प्रश्नात सर्वांत जास्त दिशाभूल याच आकड्याने केली आहे, असे माझे ठाम मत आहे, कारण पिलांसाठी अन्न शोधणाऱ्या पेंग्विनचा संबंध कोट्यवधी टनांच्या त्या साठ्याशी कधीच येत नाही.

क्रिल म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा, फार तर सहा सेंटिमीटर लांबीचा जीव. तो पाण्यातील सूक्ष्म वनस्पती खातो, आणि त्याला निळा देवमासा, फिन देवमासा, हंपबॅक, क्रॅबईटर सील, फर सील, अडेली, चिनस्ट्रॅप व जेंटू पेंग्विन, शिवाय कितीतरी मासे आणि माखळ्या खातात. सूक्ष्म वनस्पतीपासून पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या प्राण्यापर्यंत पोचायला मध्ये ही एकच पायरी आहे. ती डळमळली तर तिची जागा घेऊ शकेल असा दुसरा जीव त्या प्रमाणात तेथे नाही.

सोव्हिएत संघाच्या जहाजांनी १९७० च्या दशकात ही मासेमारी झपाट्याने वाढवली आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी एका हंगामातील पकड पाच लाख टनांच्या वर गेली. अंटार्क्टिक सागरी सजीव संसाधनांच्या संवर्धनाचा करार १९८० मध्ये कॅनबेरा येथे झाला आणि १९८२ मध्ये तो अमलात आला, त्यामागे ही चिंता होती. त्याचा आयोग ऑस्ट्रेलियातील होबार्ट येथे भरतो. या कराराबद्दल मला मनापासून आदर आहे. केवळ पकडल्या जाणाऱ्या जातीचा विचार पुरेसा नाही, तिच्यावर जगणाऱ्या जातींशी असलेले नातेही राखले पाहिजे आणि दोन-तीन दशकांत भरून न येणारे बदल टाळले पाहिजेत, हे त्याच्या दुसऱ्या कलमातच लिहिलेले आहे. क्रिलची मर्यादा ठरवताना अंडी घालण्यायोग्य साठ्याचा पन्नास नव्हे तर पंचाहत्तर टक्के भाग शिल्लक राहावा असे जे गणित आयोगाने स्वीकारले, त्यातील वाढीव वाटा भक्षकांसाठी आहे.

मात्र हे गणित संपूर्ण क्षेत्राचे आहे, आणि भक्षक संपूर्ण क्षेत्रात जेवत नाहीत. पिले घरट्यात असताना पेंग्विनच्या जोडीतील एकाला समुद्रावर जाऊन, पोट भरून, ठरावीक वेळात परत यावेच लागते. त्यामुळे त्या आठवड्यांत त्याचा पल्ला बहुधा काही डझन किलोमीटरच असतो. जहाजेही क्रिल सर्वत्र सारखे शोधत नाहीत. जिथे झुंडी दाट आणि भरवशाच्या असतात, म्हणजे अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्याजवळ, ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत, साउथ ऑर्कनी बेटांच्या आसपास, तिथेच ती येतात. साठ्याचा एक टक्का सगळ्या समुद्रातून थोडा थोडा काढला जात नाही. तो मोजक्या जागांतून, मोजक्या महिन्यांत काढला जातो. साउथ शेटलंड बेटांवरील पेंग्विनच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये दाखवले की स्थानिक पातळीवर पकडीचे प्रमाण जास्त असते तेव्हा पेंग्विनची अन्न मिळवण्याची आणि पिले वाढवण्याची कामगिरी खालावते, आणि मोठ्या क्षेत्राच्या सरासरीत हा परिणाम दिसतच नाही.

मासेमारीचा मोठा भाग आता शरद ऋतूकडे आणि हिवाळ्याच्या तोंडाकडे सरकला आहे. घरटी तोपर्यंत रिकामी झालेली असतात, म्हणून हा बदल निरुपद्रवी आहे, असा युक्तिवाद ऐकायला मिळतो. मला तो अर्धवट वाटतो. याच महिन्यांत नुकतीच समुद्रात उतरलेली पिले आपल्या पहिल्या हिवाळ्याला सामोरी जात असतात आणि हंपबॅक देवमासे उत्तरेच्या लांब प्रवासासाठी अंगात चरबी साठवत असतात.

पकड एकाच ठिकाणी एकवटू नये म्हणून आयोगाने २००९ मध्ये ६ लाख २० हजार टनांची उपक्षेत्रांत विभागणी केली. द्वीपकल्पाच्या उपक्षेत्राला जास्तीत जास्त २५ टक्के, म्हणजे १ लाख ५५ हजार टन. साउथ ऑर्कनी आणि साउथ जॉर्जियाला प्रत्येकी ४५ टक्क्यांपर्यंत. साउथ सँडविचला १५ टक्के. बेरीज शंभराच्या वर जाते, कारण जहाजांना थोडी मोकळीक ठेवायची होती. ही तरतूद ओबडधोबड होती, पण पेंग्विनच्या पल्ल्याच्या थोडी तरी जवळ जाणारी तीच एक होती. द्वीपकल्पात नवे, अधिक बारकाईचे व्यवस्थापन आणि संरक्षित क्षेत्र एकत्र आणण्याचे प्रयत्न झाले, पण २०२४ च्या बैठकीत एकमत झाले नाही आणि जुन्या विभागणीची मुदतही संपली. पुढच्याच हंगामात, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, सगळी मर्यादा पहिल्यांदाच गाठली गेली आणि मासेमारी मुदतीआधी थांबवावी लागली. त्या वर्षअखेरच्या बैठकीतही विभागणी परत आली नाही. जे कुंपण अपुरे म्हणून आपण बदलायला निघालो होतो, तेच आता जाग्यावर नाही, याची मला विलक्षण खंत वाटते.

मुळात ६ लाख २० हजार हा आकडा आला कुठून? तो पंचाहत्तर टक्क्यांच्या त्या गणितातून आलेला नाही. प्रत्येक उपक्षेत्रात पूर्वी झालेल्या सर्वाधिक पकडीची ती बेरीज आहे. भक्षकांना किती लागते, हे मोजून तो काढलेला नाही. शिवाय त्या विक्रमी पकडी बऱ्याच अंशी ज्या काळातील आहेत, तेव्हा दक्षिणेकडचा समुद्र देवमाशांपासून जवळजवळ रिकामा झालेला होता. विसाव्या शतकात दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून अधिक देवमासे मारले गेले. व्यापारी शिकारीवरील बंदीनंतर त्यांतील काही जाती सावरत आहेत, आणि जानेवारी २०२२ मध्ये साउथ ऑर्कनीमधील कोरोनेशन बेटाजवळ सुमारे हजार फिन देवमासे एकत्र खाताना दिसले. त्या देवमाशांच्या मधूनच क्रिल पकडणारी जहाजे जाळी ओढत चालली होती. परत येणाऱ्या या प्राण्यांचा वाटा आजच्या मर्यादेत कुठेही धरलेला नाही.

बर्फाचा प्रश्न याहून कठीण आहे. क्रिलची अळीअवस्थेतील पिले पहिला हिवाळा समुद्रावरील बर्फाच्या तळाशी वाढणाऱ्या शेवाळावर काढतात. बर्फ उशिरा धरला किंवा लवकर वितळला की पुढच्या वर्षीची नवी पिढी तोकडी पडते. चिनस्ट्रॅपची संख्या अनेक वसाहतींत घटली आहे ती केवळ जहाजांमुळे, असे मी म्हणणार नाही. तापमानवाढीचा हात त्यात मोठा असू शकतो. पण साठा वर्षागणिक इतका खालीवर होत असताना, संपूर्ण क्षेत्राची मोठी सर्वेक्षणे २००० आणि २०१९ अशी एकोणीस वर्षांच्या अंतराने व्हावीत, हे मला मान्य होत नाही.

उद्योगातील बहुतेक कंपन्यांनी २०१८ पासून द्वीपकल्पावरील पेंग्विन वसाहतींभोवती पिलांच्या हंगामात मासेमारी न करण्याचे स्वतःहून ठरवले. हे पाऊल मी प्रामाणिक मानतो. पण ते ऐच्छिक आहे, आणि जो त्यात सामील होत नाही त्याला ते लागू नाही. म्हणून विभागणी आधी जशीच्या तशी परत आणावी, आणि नंतरच ती अधिक लहान तुकड्यांची व महिन्यांनुसार बदलणारी करावी, असे मला वाटते. अर्जेंटिना आणि चिली यांनी २०१८ मध्ये मांडलेला द्वीपकल्पाच्या संरक्षित क्षेत्राचा प्रस्ताव त्यासोबतच मंजूर व्हायला हवा. जहाजांवर ध्वनिलहरींनी झुंडी शोधणारी यंत्रे असतातच. ठरलेल्या मार्गांवरून दरवर्षी मोजणी करून देणे ही परवान्याचीच अट करता येईल. पेंग्विन आणि सील यांच्यावर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाच्या निरीक्षण कार्यक्रमात देवमाशांच्या नोंदीही नियमितपणे आल्या पाहिजेत. आयोगात निर्णय एकमतानेच होतात, एका सदस्याचा नकारही प्रस्ताव अडवू शकतो, आणि भारतही तेथे सदस्य आहे. पुढच्या बैठकीत आपल्या प्रतिनिधींनी या विभागणीच्या बाजूने स्पष्ट शब्दांत उभे राहावे, अशी माझी मागणी आहे.