आरमध्ये चालू स्ट्रीम वाचताना: रिकामं उत्तर आलं म्हणजे नक्की काय झालं?

आर ही संख्याशास्त्रासाठीची प्रोग्रामिंग भाषा शिकताना आपण सगळे एकाच सवयीत वाढतो. फाइल असते, रीड-सीएसव्ही मारायचं, डेटाफ्रेम (म्हणजे तक्ता) हातात येते, मग समरी, मग प्लॉट. म्हणजे डेटा आधी पूर्ण येतो आणि काम नंतर सुरू होतं. नेटवर्कवरून सतत येणारा डेटा या सवयीत बसतच नाही, कारण तो संपत नाही. त्यामुळे "स्ट्रीमिंग करायचंय? मग पायथन घे" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद पण घालत नाही. आरमध्ये होतं, बेस आरमध्येसुद्धा (म्हणजे वेगळं पॅकेज न घेता) होतं, फक्त एक गोष्ट डोक्यात फिट बसायला हवी की वाचल्यावर काहीच हाती आलं नाही तर त्याचा अर्थ काय लावायचा. बाकीचं बरंचसं हेल्प पेजवर सापडतं.

थोडी पार्श्वभूमी. कनेक्शन ही भानगड आरमध्ये १.२.० पासून आहे, म्हणजे २००० सालच्या शेवटापासून, आणि २००१ च्या जानेवारीत आर न्यूज या आरच्या वार्तापत्राच्या पहिल्याच अंकात आरच्या मूळ टीममधल्या ब्रायन रिप्ली यांनी त्यावर लेख लिहिला होता. मूळ कल्पना जॉन चेंबर्स यांच्या एस भाषेतली, आर तिचीच वारस. कल्पना खरंच छान आहे: साधी फाइल असो, झिप केलेली असो, दुसऱ्या प्रोग्रामचा पाइप असो, यूआरएल असो की सॉकेट (नेटवर्कवरून दुसऱ्या प्रोग्रामशी जोडणारं टोक), वर एकच मुखवटा, आणि ओळी वाचणारं रीडलाइन्स सगळ्यांवर चालतं. पण याच मुखवट्यामुळे घोळ होतो, कारण फाइलला शेवट असतो आणि सॉकेटला तो असेलच असं नाही, तरी फंक्शन मात्र दोघांशी एकाच आवाजात बोलतं.

हे स्वतः बघायचं असेल तर इंटरनेटसुद्धा लागत नाही. एका टर्मिनलमध्ये नेटकॅटला (नेटवर्कवर मजकूर पाठवणारं-घेणारं छोटं साधन) पोर्ट ६०११ वर ऐकत बसवा (हेल्प पेजवरच्या उदाहरणात हाच पोर्ट आहे), आणि आरमधून सॉकेटकनेक्शन फंक्शनने लोकलहोस्टच्या त्या पोर्टला जोडा. आता टर्मिनलमध्ये "नमस्का" एवढंच टाइप करा आणि एंटरऐवजी कंट्रोल-डी दाबा, म्हणजे अर्धी ओळ न्यूलाइनशिवाय तिकडे जाते. आरमध्ये रीडलाइन्स चालवा, उत्तर येतं कॅरेक्टर झिरो, म्हणजे एकही ओळ नसलेलं रिकामं उत्तर. अक्षरं पोचली आहेत, पण ओळ पूर्ण नाही म्हणून आरने ती गुपचूप मागे ढकलून ठेवली, ना वॉर्निंग ना काही. आता "र" टाइप करून एंटर मारा, परत रीडलाइन्स, आणि अख्खं "नमस्कार" येतं. हे पुशबॅक (मागे ढकलण्याचं) प्रकरण नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे डेटासाठी न थांबणाऱ्या, टेक्स्ट कनेक्शनवरच होतं, आणि सॉकेटकनेक्शनचा डिफॉल्ट नेमका नॉन-ब्लॉकिंगच आहे. ब्लॉकिंग ट्रू केलं की तेच रीडलाइन्स ओळ येईपर्यंत थांबून राहतं, तेवढा वेळ तुमचा कन्सोलही अडकलेला, आणि टाइमआउटचा डिफॉल्ट ६० सेकंद. ज्या स्ट्रीममध्ये रात्री दोन-दोन मिनिटं काहीच येत नाही तिथे हे ६० सेकंद फारच कमी पडतात, तेव्हा तो आकडा आधीच वाढवून ठेवलेला बरा.

तर नॉन-ब्लॉकिंगमध्ये कॅरेक्टर झिरो आलं तर तीन शक्यता: अजून काही आलेलंच नाही, अर्धी ओळ आली आहे, किंवा समोरच्याने कनेक्शन बंद केलंय. फोनवर समोरचा अचानक गप्प झाला की आपण "हॅलो? हॅलो?" करतो तसलाच प्रकार, विचार करतोय की कॉल कट झालाय ते शांततेवरून कळत नाही. आरमध्ये ते "हॅलो" म्हणजे इजइन्कम्प्लीट हे फंक्शन. रिकामं वाचन झाल्यावर लगेच ते विचारायचं, ट्रू आलं तर शेवटचं वाचन डेटाअभावी अडलं होतं, थांबा, आणि फॉल्स आलं तर पलीकडून खेळ संपला. नेटवर सापडणाऱ्या निम्म्या स्क्रिप्टमध्ये हे विचारलेलंच नसतं, सरळ "लेंग्थ शून्य तर ब्रेक" लिहिलेलं असतं, आणि मग लोक म्हणतात आर स्ट्रीम मध्येच सोडतं.

यात एक कोपरा मात्र उरतो. समोरच्याने शेवटची ओळ न्यूलाइन न देताच कनेक्शन बंद केलं तर ती अर्धी ओळ दर वेळी परत मागे ढकलली जाते, इजइन्कम्प्लीट ट्रूच म्हणत राहतं आणि लूप फिरत बसतो. म्हणून मी शेवटची पूर्ण ओळ कधी आली ती वेळ एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे शांतता गेली की स्वतःच बंद करतो. दिसायला गावठी आहे पण टिकतं.

आणि कृपा करून लूपमध्ये स्लीप टाकून दर अर्ध्या सेकंदाला डोकावू नका. त्यासाठी सॉकेटसिलेक्ट आहे, त्याला कनेक्शनची लिस्ट द्यायची आणि टाइमआउट, ज्याच्यावर डेटा आला तो ट्रू होऊन परत येतो, तोवर प्रोसेसर निवांत. आणि सर्व्हर बाजू आरमध्येच लिहायची असेल तर ४.० पासून सर्व्हरसॉकेट आणि सॉकेटअॅक्सेप्ट वेगवेगळे मिळाले आहेत, एकाच पोर्टवर अनेक क्लायंट घेणं त्यानंतर सुसह्य झालं.

आता खरं जग. बेस आरचं सॉकेट फक्त टीसीपी बोलतं, टीएलएस (एचटीटीपीएसमागचं कूटलेखन) नाही, त्यामुळे एचटीटीपीएसवरची कुठलीही स्ट्रीम घ्यायची तर मी येरून ऊम्स यांचं कर्ल पॅकेज वापरतो. त्याचं कनेक्शनही नॉन-ब्लॉकिंग उघडता येतं आणि तिथेही इजइन्कम्प्लीटचा तोच खेळ, फक्त तिथे फॉल्स म्हणजे डाउनलोड संपलं.

सरावासाठी माझी आवडती स्ट्रीम म्हणजे विकिमीडियाची इव्हेंटस्ट्रीम्स, त्यातली रिसेंटचेंज. फुकट, लॉगिन नाही, आणि जगभरातल्या सगळ्या विकींवरचे बदल त्याच क्षणी येतात (यूजर-एजंटमध्ये आपली नीट ओळख द्यायची, तेवढी शिस्त पाळा). एक इव्हेंट असा दिसतो: एका ओळीवर इव्हेंट कोलन मेसेज, एका ओळीवर आयडी कोलन आणि पुढे जेसन (फील्ड आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा मजकूर), एका ओळीवर डेटा कोलन आणि त्याच्यापुढे अख्खा बदल एकाच लांबलचक जेसनमध्ये, मग एक रिकामी ओळ. म्हणजे इथे वेगळीच रिकामी ओळ भेटते! कॅरेक्टर झिरो म्हणजे काहीच आलं नाही, आणि लांबी शून्य असलेली एक स्ट्रिंग म्हणजे इव्हेंट संपला, दोन्हींत गल्लत केली की पुढचं सगळं गंडतं. हे हाताने करायचा कंटाळा असेल तर एचटीटीआर-टू पॅकेजमध्ये अशा सर्व्हर-सेंट इव्हेंटसाठी तयार फंक्शन आहे, मी शिकवताना हाताने करतो आणि कामात ते वापरतो.

मराठी विकिपीडियाचे बदल हवे असतील तर जेसनमधल्या विकी या फील्डची किंमत एमआरविकी असते. सर्व्हर तुमच्यासाठी गाळून देत नाही, सगळं जगाचं तुमच्याकडे येतं आणि गाळायचं तुम्ही. विकिडेटा आणि कॉमन्सचा धो-धो पूर, बॉट लोकांची लगबग, आणि त्यात मध्येच एखादा मराठी लेख. त्यामुळे प्रत्येक ओळ जेसनमधून पार्स करत बसू नका, आधी ग्रेपएलने फिक्स्ड ट्रू देऊन एमआरविकी शोधा, सापडलं तरच पार्स. पार्सिंग महाग असतं आणि स्ट्रिंग शोधणं स्वस्त, आरमध्ये तर फारच फरक पडतो.

मराठीवाल्यांसाठी अजून एक खास गोष्ट. काही जण वेगासाठी रीडबिनने १०२४ बाइटचे तुकडे घेतात आणि लगेच टेक्स्ट करतात. इंग्रजीत खपून जातं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट (अक्षर किंवा मात्रा) ३ बाइट घेतो, "मराठी" हा एवढासा शब्द १५ बाइटचा, तेव्हा तुकड्याची कड कधी ना कधी एखाद्या अक्षराच्या मधोमध येणारच आणि तिथे कचरा दिसणार. उपाय सोपा आहे, बाइट रॉ स्वरूपातच साठवा, न्यूलाइनचा बाइट दिसेपर्यंत, आणि तिथपर्यंतचाच भाग टेक्स्ट करा. न्यूलाइनचा बाइट दुसऱ्या कुठल्या अक्षराच्या पोटात कधीच येत नाही, यूटीएफ-८ ची रचनाच तशी आहे. आणि रीडलाइन्सला एन्कोडिंग यूटीएफ-८ सांगितलं तर ते फक्त शिक्का मारतं, रूपांतर करत नाही, हे पण ध्यानात असू द्या. विंडोजवर जुनं आर असेल तर ४.२ किंवा पुढचं घ्या, तिथून यूटीएफ-८ हेच नेटिव्ह झालंय आणि निम्मी डोकेदुखी गेली.

साठवण्याबद्दल. लूपमध्ये दर ओळीला आरबाइंड करणारा (तक्त्याला एकेक ओळ जोडणारा) कोड बघितला की मला घाम फुटतो, प्रत्येक वेळी आख्खी डेटाफ्रेम नव्याने कॉपी होते. लिस्टमध्ये टाका, पाचशे-हजार झाले की एकदम जोडा, फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये ढकला, लिस्ट रिकामी करा. जेसनलाइट पॅकेजचं स्ट्रीम-इन हेच करतं, डिफॉल्ट ५०० ओळींचं पान आणि पान भरलं की तुमचं हँडलर फंक्शन चालतं. पण त्याला ओळीमागे एक स्वच्छ जेसन लागतं, डेटा कोलन हा सुरुवातीचा भाग आधी कापावा लागतो, आणि सावकाश येणाऱ्या स्ट्रीमवर ५०० भरेपर्यंत तुम्ही ताटकळत बसणार, तिथे पान छोटं करा.

खरं तर बऱ्याचदा साठवायचीच गरज नसते. एडिटमागे लेखाची लांबी सरासरी किती बाइटने बदलते आणि त्यात चढउतार किती, एवढंच हवं असेल तर वेलफर्ड यांची १९६२ ची रीत आहे, फक्त तीन आकडे सांभाळायचे: किती आले, चालू सरासरी, आणि फरकांच्या वर्गांची चालू बेरीज. नवीन आकडा आला की तिन्ही सुधारायचे आणि तो आकडा सोडून द्यायचा. दिवसभर चालवा, मेमरी तेवढीच. स्टॅटिस्टिक्सच्या भाषेत स्ट्रीम वाचण्याची मजा मला इथे येते, पायथनवाल्यांनी हसायचं तर हसू दे.

एकच इशारा, वाचणाऱ्या लूपमध्ये जीजीप्लॉट काढू नका. आर एका वेळी एकच काम करतं, प्लॉट होईपर्यंत वाचन बंद, मधल्या काळात ऑपरेटिंग सिस्टिमचा बफर भरतो, मग टीसीपी समोरच्याला थांब म्हणतं, आणि समोरचा सर्व्हर वैतागून तोडू शकतो. एक आर प्रोसेस फक्त वाचून लिहायला, दुसरी बघायला, असे दोन भाग करा.

तुटणं तर ठरलेलंच आहे, विकिमीडियाकडे १५ मिनिटांनी कनेक्शन तिकडूनच कापलं जातं. म्हणून ती आयडीची ओळ फेकू नका, शेवटची आयडी फाइलमध्ये ठेवा, परत जोडताना लास्ट-इव्हेंट-आयडी या हेडरमध्ये तीच पाठवा, सोडलं तिथून पुढे सुरू होतं. आणि प्रत्येक जोडणी फंक्शनमध्ये, ऑन-एक्झिटमध्ये क्लोज, नाहीतर परत परत जोडताना जुनी कनेक्शनं लटकत राहतात. आरची मर्यादा डिफॉल्टने १२८ ची, त्यातली ३ आधीच गेलेली. ४.४ पासून ती स्टार्टअपला वाढवता येते, पण गळती असेल तर वाढवलेलीही भरणारच, त्यापेक्षा अधूनमधून शोकनेक्शन्स मारून बघा यादीत कोण कोण बसलंय ते.