महालातल्या जुन्या वाड्याला सिमेंट का चालत नाही

नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला. काळ्या दगडाचं बांधकाम, आत भरपूर लाकडी कोरीवकाम. मोठा दरवाजा तेवढा वाचला. आसपासच्या वाड्यांना मात्र आज आगीपेक्षा सिमेंटची भीती जास्त.

वाड्याचा घाट ओळखीचाच: दिंडीदरवाजा, देवडी, चौक, भोवती ओसरी. सागवानी सुरूदार खांब दगडी तळखड्यावर उभे, वर महिरप आणि केळफूल, छपरावर कवेलू. लोक कोरीवकामाचे फोटो काढतात. पण वाड्याचं आयुष्य ठरतं भिंतीत.

विटा-चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर टाकते. त्यावर सिमेंट चढवलं की ओलीची वाट बंद होते. ती आणखी वर सरकते, क्षार विटेतच साचतात, लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागून वीट भुगा होते. पुढे ओल तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला पोचते. ते कुजतं, मग उधई लागते. बाहेरून प्लास्टर ठणठणीत दिसतं. बोटानं ठोका, बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे. तुळईत भिंतीलगत दाभण टोचून बघा. सहज आत गेलं तर आधी टेकू लावा, बाकीचं नंतर.

दुरुस्ती छपरापासून. फुटके कवेलू बदलल्याशिवाय आणि पागोळ्यांचं पाणी पायापासून लांब नेल्याशिवाय भिंतीला हात लावण्यात अर्थ नाही. सिमेंट छिन्नी-हातोडीनं काढा. ब्रेकरच्या हादऱ्यानं विटेची तोंडं उडतात. लोणा कोरड्या ब्रशनं झाडा. धुतलात तर क्षार विरघळून परत आत जातात. भिंत सुकू द्या, हे काम महिन्यांचं आहे.

कळीचा (न विझवलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उसळतो आणि डोळे जातात. निदान दोन आठवडे, जमलं तर महिनाभर पाण्याखाली मुरवा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजक्या विटेची पूड), एक ते दोन भाग धुतलेली वाळू. दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, २०-२५ मिमी खोल उकरून, भिंत भिजवून भरा. मग १२-१५ मिमीचा पहिला थर, तो घट्ट झाल्यावर दुसरा पातळ. ओलं गोणपाट आठ-दहा दिवस.

हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. नागपूरच्या मे महिन्यात चुना घट्ट होण्याआधीच वाळतो आणि हाताला पावडर लागते. कंत्राटदार घाई करतोच, ऐकू नका.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग गेली असेल तर तिला लगेच बुजवू नका. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा, वर्षभर बघा. काच तडकली तर दुखणं पायाचं आहे, गिलावा ते झाकेल फक्त.