जोमदार सेलचा डीएनए गेला कुठे?

नाग नदीच्या सांडपाण्यावर चालणारे दोन मायक्रोबियल फ्युएल सेल, म्हणजे जिवाणूंकडून वीज घेणारे सेल, उघडले. एक १००० ओहमच्या रोधावर अर्धा व्होल्ट देणारा, दुसरा जेमतेम ०.१ व्होल्टचा रडका. दोन्हींच्या कार्बन फेल्टच्या (कार्बन तंतूंचं नमद्यासारखं कापड) ॲनोडवरून, म्हणजे जिवाणू ज्याला इलेक्ट्रॉन देतात त्या इलेक्ट्रोडवरून, जिवाणूंचा डीएनए काढला, तर रडक्याचा भरपूर निघाला आणि जोमदाराचा डीएनएला चिकटलेल्या रंगाची चमक मोजणाऱ्या फ्लुओरोमीटरला दिसेल न दिसेल इतका. किती प्रकाश शोषला जातो ते मोजणारा नॅनोड्रॉप मात्र दोन्हींना छान आकडे देत होता. देणारच! २६० नॅनोमीटरला ह्युमिक आम्लं (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतली) आणि आरएनएसुद्धा प्रकाश शोषतात. तरी पोरं आधी नॅनोड्रॉपकडेच धावतात.

मातीतून डीएनए काढायचं किट ०.२५ ग्रॅम नमुना मागतं. तेवढी माती चिमूटभर होते. तेवढा कोरडा फेल्ट दोन मिलीच्या ट्यूबमध्ये मावतही नाही. कोंबलाच तर पेशी फोडणारा लायसिस बफर पिऊन बसतो आणि पेशी दळायचे मणी हलत नाहीत. म्हणून वजन सोडून एक चौरस सेंटिमीटरचे तुकडे घ्यावेत. पण खरा घात पुढे होतो. ०.१ मिमीचे मणी पेशींबरोबर फेल्टही दळतात, काळी राड होते, सुटलेला डीएनए त्या भुकटीला चिकटतो आणि सेंट्रिफ्यूजनंतर गाळाबरोबर कचऱ्यात जातो.

खात्रीसाठी कोऱ्या फेल्टवर ई. कोलायचा १ मायक्रोग्रॅम शुद्ध डीएनए टाकून तीच पद्धत चालवली, शेजारी बिनफेल्टची ट्यूब. फेल्टवाल्या ट्यूबमधला बहुतेक डीएनए गायब! रडक्या ॲनोडवर बुळबुळीत जाड थर होता. कार्बनने आपला वाटा घेऊनही डीएनए उरला. जोमदाराचा थर पातळ, तो सगळाच गिळला गेला.

मग दळण बंद केलं. तुकडा ५ मिली फॉस्फेट बफरमध्ये दोन मिनिटं व्हॉर्टेक्स (जोरात घुसळणं), असं तीनदा; धुवण सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जीला (गुरुत्वाच्या दहा हजारपट) ४ अंशांवर दहा मिनिटं फिरवून तळाशी बसलेला पेशींचा गोळा तेवढा मण्यांच्या ट्यूबमध्ये. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणं) अडला तर टेम्प्लेट, म्हणजे त्यात घालायचा डीएनए, दहापट पातळ करावं आणि बीएसए हे प्रथिन घालावं. ह्युमिकचा त्रास बराच कमी होतो. मे महिन्यात नागपुरात ॲनोड उघडला की लगेच बर्फात, नाहीतर ४५ अंशांत डीएनएझ, म्हणजे डीएनए तोडणारी एन्झाइम्स, आपलं काम उरकतात.

पण व्हॉर्टेक्सने सुटतो तो वरचा थर. कार्बनला बिलगून इलेक्ट्रॉन देणारे जिओबॅक्टर जिवाणू फेल्टमध्येच राहतात, आणि अभ्यास तर त्यांचाच. म्हणून धुतलेला तुकडा न दळता पेशी फोडायला लायसोझाइम, मग प्रोटिनेज-के (दोन्ही एन्झाइम्स) आणि एसडीएस हा डिटर्जंट घालून ५६ अंशांवर ठेवला. १६एसच्या (जिवाणू ओळखायच्या जनुकाच्या) व्ही३–व्ही४ भागाच्या सिक्वेन्सिंगमध्ये फेल्टमधल्या या डीएनएत जिओबॅक्टरचं प्रमाण धुवणापेक्षा ठळकपणे जास्त दिसलं. सिक्वेन्सिंगवाल्यांनी मात्र हीच ट्यूब 'डीएनए कमी' म्हणून आधी परत पाठवली होती. त्यांना भरपूर डीएनए हवा, प्रश्न काय आहे याच्याशी देणंघेणं नाही.

आता अडलंय बेरजेवर. धुवण आणि फेल्ट या दोन भागांत पेशी फुटण्याचं प्रमाण सारखं नाही, त्यामुळे रीड्स (सिक्वेन्सिंगने वाचलेले डीएनएचे तुकडे) एकत्र करून काढलेला पाय-चार्ट दिसायला देखणा आणि अर्थाने खोटा. इतक्या कमी डीएनएत नमुन्यातले नव्हे तर किटमधूनच आलेले राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम हे जिवाणूही डोकावतात. सध्या आलेखात स्तंभ तीन: धुवण, फेल्ट आणि नमुना न घालता चालवलेली कोरी ट्यूब.