शॅम्पू म्हणजे आधी चेपणं

शॅम्पू म्हटलं की आपल्याला बाटली दिसते, नाहीतर किराणावाल्याच्या दुकानात माळेसारखी लटकलेली पाऊचं. पण इंग्रजीत हा शब्द आधी क्रियापद म्हणून आला आणि तेव्हा त्याचा केसांशी नि फेसाशी काही संबंधच नव्हता. १७६२ पासून तो इंग्रजी लिखाणात सापडतो आणि अर्थ काय, तर अंग दाबून देणं, रगडणं, म्हणजे सरळ मालिश. हिंदीत चाँपना म्हणजे दाबणं, त्याचं चाँपो, आणि ते ऐकून ऐकून इथल्या इंग्रजांनी केलं शॅम्पू. चंपी त्यातलीच. आपल्याकडे आजी रात्री म्हणते ना, "जरा पाय चेप गं", तेच हे काम.

हा शब्द इंग्लंडात गाजवला तो पाटण्यात १७५९ साली जन्मलेल्या साके दीन महोमेद यांनी. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, मग आयर्लंडला गेले, १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी जेवणाचं कॉफी हाऊस काढलं, ते काही चाललं नाही, पण माणूस खचला नाही, इंग्लंडातल्याच समुद्रकाठच्या ब्रायटनला जाऊन वाफेच्या स्नानाचं दुकान थाटलं. पेशंटला वनस्पती घातलेल्या वाफेत बसवायचं, मग फ्लॅनेलच्या तंबूला बाह्या शिवलेल्या असायच्या, त्यातून बाहेरून हात आत घालून अंग चेपायचं. संधिवाताची माणसं रांगेने यायची. पुढे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम, दोन्ही राजांचे ते ऑफिशियल 'शॅम्पूइंग सर्जन' झाले! मला याचा खरंच अभिमान वाटतो, आणि शाळेत हे नाव एकदाही कानावर आलं नाही याचं वाईटही वाटतं.

१८६०च्या आसपास अर्थ सरकला. डोकं चोळून धुणं म्हणजे शॅम्पू, मग ज्याने धुतात तो शॅम्पू. आता तर गालिचा आणि सोफासुद्धा शॅम्पू करतात. डिक्शनरीत मालिशचा अर्थ अजून आहे, पण जुना झाला अशी खूण लावून.

आपण मराठीत "आज शॅम्पू केलाय" म्हणतो त्यात करणं उरलंय पण चेपणं गेलंय, आणि दादर-परळच्या कुठल्याही सलूनमध्ये रेटबोर्ड बघा, हेडमसाज वेगळा, शॅम्पू वेगळा, दोन्हीचे पैसे वेगळे. खरा जुना शॅम्पू बघायचा तर संध्याकाळी गिरगाव चौपाटीवर जा, तेलाच्या बाटल्या किणकिणवत, काखेत चटई घेऊन मालिशवाले फिरतात. टाळूवर तेल थापून आधी बोटांनी मुळं सैल करतात, मग कानशिलं, मग मानेमागे अंगठा असा रुततो की डोळे आपोआप मिटतात. ही मोठी कला आहे आणि तिला भाव करताना घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.