अस्तंब्याहून उतरताना

आजी पंढरपूरला जायची ती वारी. नंदुरबारकडच्या सातपुड्यातलं अस्तंबा शिखर म्हणजे अश्वत्थाम्याचं ठाणं, आम्ही त्याला अस्तंबा ऋषी म्हणतो. तिथे धनत्रयोदशीला जाण्याला आम्ही खान्देशातले लोक यात्राच म्हणतो. पण मी सलग तिसऱ्या वर्षी निघालो तेव्हा बायको म्हणाली, "झाली का वारी सुरू?" ऐन धनत्रयोदशीला नवरा घराबाहेर, हे तिचं दुखणं, आणि ते खोटं नाही. तरी कळण्याच्या भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा तिनेच बांधून दिला.

सोबत नेहमीचाच दोस्त. तळोद्याचा, शाळेपासूनचा. त्याच्या पिशवीत गोडेतेलाची छोटी बाटली असतेच. अश्वत्थाम्याच्या कपाळावरचा मणी गेला, जखम चिघळत राहिली, आणि तो अजून या डोंगरात तेल मागत फिरतो, असं आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. वाट चुकलेल्याला तोच रस्त्याला लावतो, हेही.

तळोद्याहून कोठार, देवनदी, असली, नकट्या देव असं करत माणसं वर सरकतात. गुजरातेतली येतात, मध्य प्रदेशातली येतात. अमावास्या दोन दिवसांवर, त्यामुळे चंद्राचा पत्ता नाही. पुढे बघावं तर बॅटऱ्यांची रांग डोंगराला गुंडाळलेली, मागे बघावं तर तशीच. "अस्तंबा ऋषी महाराज की" असं कोणी खालून ओरडलं की "जय" वरून कुठून तरी येतो. अनवाणी चालणाऱ्या आजीबाई माझ्या महागड्या बुटांना मागे टाकून जातात. त्याची मला आता लाज वाटत नाही, सवय झाली आहे.

शिखर १,३२५ मीटर. पहाटेचा वारा असा की नारळ फोडताना बोटं वळत नव्हती. उजाडल्यावर दक्षिणेला तापीचं खोरं धुरकट सपाट दिसलं, उत्तरेला नर्मदेपर्यंत नुसते डोंगर. दर्शन दोन मिनिटांचं. दोस्ताने बाटली रिकामी केली, हात जोडले, आणि उतरायच्या वाटेवरची गर्दी बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"आठेन उतरू. नाला धरीसन चालनं का सरळ खाले."

मी का ऐकलं, माहीत नाही. त्याचं गाव पायथ्याशी, म्हणून त्याला डोंगर कळतो असं मी धरून चाललो. त्याचं दुकान आहे, डोंगरात तोही वर्षातून एकदाच येतो.

पहिला अर्धा तास मजेत गेला. मग नाला संपला. म्हणजे पायाखालून संपला. हे काळ्या पाषाणाचे डोंगर थरांचे, पायऱ्या-पायऱ्यांचे. नाला जिथे पायरी उतरतो तिथे पावसाळ्यात धबधबा असतो आणि दिवाळीत कोरडा कडा. तीस-चाळीस फूट खाली, शेवाळ वाळून काळं पडलेलं. पाण्याला उडी मारता येते, आपल्याला नाही. सोपी दिसणारी गोष्ट म्हणजे नाला धरणं, आणि या डोंगरात तीच नको करायला, हे मला तिथे, त्या काठावर बसून कळलं.

मागे फिरून बाजूच्या सोंडेवर चढलो. वाट कसली, कमरेएवढं वाळलेलं गवत. कुसळं पॅन्टमधून आत, मोज्यांतून आत, आणि प्रत्येक पावलाला एकेक टोचणी. खालचा दगड दिसत नाही, त्यामुळे काठीने चाचपत जायचं. काठी एकच, तीही वाटेत मोडून घेतलेली. पाणी दहाच्या सुमारास संपलं. भाकरी होती, पण पाण्यावाचून कळण्याची भाकरी गिळून बघा एकदा. मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही भांडलोही. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग घंटी वाजली. बकऱ्यांची. गवतातून आधी पाच-सहा बकऱ्या आल्या आणि मागून दहा-बारा वर्षांचं पोरगं, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. दोस्त त्याच्या कपाळाकडे बघतच राहिला. खरंच बघत राहिला, तोंड उघडं टाकून. पोराने घाम पुसायला टॉवेल सोडला. खाली स्वच्छ कपाळ. दोस्ताचा चेहरा पडल्याचं मी शपथेवर सांगतो.

पोराने आमच्याकडे, मग आम्ही आलो त्या दिशेकडे बघितलं आणि हसलं. त्याच्या बोलीतलं मला अर्धंच कळलं, पण "इकडून कोण येतं?" एवढं नक्की होतं. तो पुढे, बकऱ्या त्याच्या मागे, आम्ही बकऱ्यांच्या मागे. त्याच्या घरी आईने लोटाभर पाणी दिलं, मग दुसरा, मग तिसरा. पैसे पुढे केले तर तिने हात मागे घेतला. ठेच्याची पुरचुंडी मात्र पोराने खुशीने घेतली. पुढे तासाभरात त्याने आम्हाला चांदसैली घाटाच्या रस्त्यावर आणून सोडलं आणि न बोलता परत वळला.

जीप मिळाली. आत यात्रेकरू खच्चून भरलेले. मी मोज्यातली कुसळं उपटत बसलो, दोस्त बोलायला लागला. आधी सांगितलं की एक पोरगा भेटला. जीप कोठारच्या आसपास आली तेव्हा गोष्टीत त्याच्या डोक्याला फडकं बांधलेलं होतं. मग ते फडकं ओलं झालं. बकऱ्या कधी गळाल्या, मला कळलंच नाही. समोरच्या बाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि विचारलं, "तेल मांगं का त्यानी?"

"बाटली खाली व्हती ना," दोस्त हळहळत म्हणाला.

तळोद्याला उतरेपर्यंत पोरगं सात फुटी झालं होतं. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, खरं का हो भाऊ? मी मान डोलावली.