जुन्या पितळी शमादानाचा अडकलेला दट्ट्या

मुंबईच्या चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरून पितळी शमादानांची, म्हणजे मेणबत्ती उभी करायच्या दांड्यांची, जोडी घेतली. उंची 10 इंच, एकोणिसाव्या शतकातली इंग्लिश घडण. या घडणीत दांडा पोकळ असतो आणि आत सळईवर बसवलेला दट्ट्या असतो. बैठकीखालचं बटण वर दाबलं की उरलेलं थोटूक वर येतं आणि मेणबत्ती वाया जात नाही. माझ्या जोडीत एकातला दट्ट्या छान चालत होता, दुसऱ्यातला ठार जाम.

विकत घेण्याआधी दोन गोष्टी पाहिल्या. चुंबक बाहेरून कुठेही चिकटला तर ते पितळेचं पाणी दिलेलं लोखंड समजायचं. इथे तो फक्त आतल्या सळईला चिकटला, आणि सळई बरेचदा लोखंडीच असते. मग दांड्यावर तोंडाची वाफ सोडली. अठराव्या शतकातला बराचसा माल दोन अर्ध्या भागांत ओतून झाळलेला असायचा. वाफेत सांध्याची उभी रेघ उमटते. माझ्या जोडीवर ती नव्हती, म्हणजे ती बहुधा त्यानंतरची. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादचं नवं पितळी काम वाईट असतं असं नाही, पण जुन्याच्या भावात ते घेऊ नये. नव्याचा तळ बहुधा वाळूच्या साच्यासारखा खरखरीत असतो आणि कडा हाताला लागतात. जुन्याच्या कडा वापरून गोल झालेल्या असतात.

आता दट्ट्या. हातोडीने ठोकायचा मोह अजिबात नको. सळई वाकली तर पुन्हा सरळ होऊन चालणं अवघड असतं. आधी शमादान तासभर फ्रीजरमध्ये ठेवलं आणि वरचं मेण बांबूच्या काडीने उडवलं. थंडीने मेण ठिसूळ होतं, खरवडावं लागत नाही. आतलं मेण मात्र तसं निघत नाही. बादलीत साधारण 65 अंशांचं पाणी घेतलं आणि शमादान पूर्ण बुडवून 15 मिनिटं ठेवलं. पॅराफिन या तापमानाला बहुधा वितळतं. उकळतं पाणी टाळलं, कारण मागे कोणी कथलाने डाख दिला असेल तर एकदम तापवण्याची जोखीम कशाला? पाणी गार व्हायच्या आत शमादान बाहेर काढायचं, नाहीतर तरंगणारं मेण परत चिकटतं. हे मेण मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

तरीही दट्ट्या हलेना. मेणाखाली हिरवा कळंक आणि सळईचा गंज होता. हेअर ड्रायरने आतून कोरडं केलं, शिवणयंत्राच्या तेलाचे तीन थेंब खालून सोडले आणि रात्रभर उलटं ठेवलं. सकाळी बटण न दाबता बोटांनी डावी-उजवीकडे जेमतेम केसभर फिरवत राहिलो. कर्र असा बारीक आवाज आला, मग हळूच वर सरकलं.

चकाकीसाठी चिंच, लिंबू किंवा आंबट पावडर वापरली नाही. आम्लात जस्त आधी विरघळतं, तांबं वर उरतं आणि गुलाबी डाग पडतात. अमोनियाची पॉलिशं तर मी ओतीव पातळ दांड्याजवळ आणतच नाही. ताण असलेलं पितळ अमोनियाने तडकतं. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेली पितळी काडतुसं घोड्यांच्या मुताच्या वाफेने अशीच फुटत. मी खडूची बारीक पूड तेलात कालवून जुन्या धोतराच्या फडक्याने घासली, लेथच्या रेघांच्याच दिशेने. खाचांत पांढरी पूड सुकली की घाण दिसते. ती ओली असतानाच काडीने काढायची. तळ मुद्दाम तसाच ठेवला. वस्तूचं वय तिथेच वाचता येतं. शेवटी मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात दिला. मुंबईच्या दमट हवेत त्याशिवाय पितळ लगेच काळवंडतं.

बाजारातल्या उभ्या मेणबत्त्यांचा बुंधा साधारण 22 मिलिमीटर असतो, माझ्या शमादानाची खोबण 20. सुरीने ताशीत बसलं की मेणबत्तीचे ढलपे पडतात. बुंधा गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून दाबत बसवला की नीट जातो. खोबण सैल असेल तर मधमाशीच्या मेणाच्या पत्र्याची पट्टी गुंडाळावी, कागद कधीच नाही. मेणबत्ती संपता संपता तो पेटतो. वात 5-6 मिलिमीटर उरेल इतकी कापा, पंखा बंद ठेवा आणि मेणबत्ती 5 सेंटिमीटर उरली की विझवा. मग गार झाल्यावर खालून दट्ट्या दाबून थोटूक काढा.