शारदा गप्प उभी होती

नाटककार गोविंद बल्लाळ देवल आमच्या सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यामुळे त्यांचं 'संगीत शारदा' हे नाटक घरात होतंच, तीन-चारदा वाचूनही झालं होतं. प्रयोग मात्र कधी पाहिला नव्हता. कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहात हौशी मंडळींचा प्रयोग आहे असं कळलं आणि दुपारचीच एसटी पकडली.

भवानी मंडपातून चालत खासबागेत, भेळ खाल्ली आणि आत. शाहू महाराजांचं १९१५ सालचं पॅलेस थिएटर ते हेच. शेजारीच कुस्तीचं मैदान. ज्यांचं नाव पुढे या नाट्यगृहाला दिलं, ते गायक-नट केशवराव लहान वयात याच शारदेच्या भूमिकेत गाजले होते. खुर्चीत टेकल्यावर हे आठवलं आणि अंगावर काटा आला.

मैत्रिणी 'म्हातारा इतुका न' गात शारदेची थट्टा करू लागल्या. पंचाहत्तरीचा नवरदेव! वाचताना या पदाला मी दरवेळी हसले होते. इथंही हसत होते. शेजारच्या आजी हळूच म्हणाल्या, "अगं, त्या पोरीकडं बघ की."

शारदा कडेला उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, परत गुंडाळत होती. एवढंच. माझं हसू तिथंच थांबलं. पुस्तकात ज्याच्या नावापुढे वाक्य नाही, त्याच्याकडे डोळा जातच नाही. दोन पानं न बोललेलं माणूस वाचणाऱ्यापुरतं तिथून उठून गेलेलं असतं. इथं ती जात नव्हती.

'मूर्तिमंत भीती उभी' सुरू झालं तेव्हा तर मला माझीच लाज वाटली. पदांपाशी गोष्ट अडते म्हणून मी ती ओलांडून पुढे वाचायचे! त्या मुलीने 'भीती' हा शब्द पुन्हा पुन्हा घेतला, दरवेळी वेगळ्या जागेने. गोष्ट खरंच अडली होती, आणि शारदेलाही कुठं पुढे जायला वाट होती? शेवटी कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडतो हे मला पाठ होतं, तरी मुठी आवळलेल्याच.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. नंतर एकदा कोल्हापूरला गेले तेव्हा खासबागेच्या बाजूला बराच वेळ थांबले. दगडी भिंती उभ्या होत्या, वर छप्पर नव्हतं. ती पोर पदर गुंडाळत उभी होती तो कोपरा नेमका कुठं येत असेल, याचा बाहेरूनच अंदाज घेत राहिले.